म्हाळूआप्पानं टँक तापवला

…न्हाई न्हाई, ते खोड. आधी बंबाचं लिही. बंबाबिगर म्हाळूआप्पाची गोष्ट सांगायची म्हंजी चुलीबिगर भाकरी भाजायची. लिवलंस का रं माऊली? हां, लिही. म्हाळूआप्पाच्या पडवीत तांब्याचा बंब हाय, आन् समद्या सोयऱ्याधायऱ्यांत त्येला त्योच जवळचा हाय.

हसू नगंस. वाचनाऱ्याला कळाया पायजे. ह्यो म्हाळूआप्पा आपला भांडगावचा, कालव्याच्या कडंला वस्ती हाय त्यो. उभा जन्म मेंढरांमागं गेला. आता लोकर कातरायची म्हंजी आधी मेंढरं धुवावी लागत्यात. तवा समदा कळप भीमेवर न्यायाचा. थोरल्या भावांनी काठावरनं एकेक मेंढरू आत ढकलायचं, आन् धाकट्यानं छातीएवढ्या पाण्यात हुबं ऱ्हाऊन त्ये चोळायचं. आन् म्हाळू समद्यात धाकटा! सकाळधरनं दुपारपतूर गार पाण्यात. वठ काळंनिळं, दात कडाकडा वाजायचं. मेंढरं धुऊन कोरडी व्हायची, ह्येची हुडहुडी संध्याकाळपतूर जायाची न्हाई.

मग पुढं कळप मोडला, शेती बागायत झाली, तवा ह्येनं पयल्यांदा काय आनलं आसंल? बैल न्हाई, मोटरसायकल न्हाई. बंब! आन् बंबाम्होरं हात जोडून म्हनला, "आता ह्या कुडीला गार पानी लावनार न्हाई." आन् त्येनं पाळलं बरं का. वैशाखात माणसं झाडाखाली पडून कढत आसत्यात, आन् ह्यो कढत पान्यानं आंघूळ करतोय. पितो बी कोमट. म्हशीला बी कोमट पाजायचा, तर म्हशीनंच एक दिस बादली उलथून दिली.

तर आशा मानसाच्या दारात त्येच्या पोरानं पोहायचा टँक बांधला.

त्येचा पोरगा दत्ता. शिक्रापूरला कंपनीत हाय, तिथंच खोली घिऊन ऱ्हातो आन् सुट्टीला घरी येतो. तिकडं बघून बघून त्येच्या डोक्यात बसलं, आपुन बी घरापशी निळ्या फरशीचा स्विमिंग टँक करायचा, म्हंजी ऐतवारी पुण्याची मानसं येतील. उन्हाळ्यात आली की! उड्या मारल्या, मटान खाल्लं, फोटू काढलं, गेली. पन थंडी पडल्यावर कोन येतंय? टँक आपला निळा निळा पडून. म्हाळूआप्पा तर त्येच्या कडंनं जातानाबी धोतर वर धरून जायाचा, थेंब उडंल म्हून.

आता खरी गंमत सुरू व्हती. 

म्हाळूआप्पाचं शेंडेफळ अंकिता. तिचं लगीन कोरेगाव भीमात ठरलं. सुपारी फोडायला व्हनारी इहीन आली, कुशाबाई. ही कुशाबाई म्हंजी दांडगी बाई, आवाज ट्रकच्या हॉर्नवानी. संगं तिचा मालक सोपानराव, त्यो बिचारा गप चहा पिनारा. चहा झाला, पोहं झालं, आन् कुशाबाई म्हनली, "आमच्यात हळदीला इहिनी इहिनींची फुगडी आसती बरं का. रीतच हाय. आन् आजपतूर मला कुनी हारवलं न्हाई."

धुरपदा, म्हंजी म्हाळूआप्पाची बायकू, खुर्चीत बसली हुती. खुर्चीतच, कारन तिचं गुडघं दोन सालापास्नं धरल्यालं. जिना उतरायचा तर खेकड्यावानी आडवी उतरायची. ती काय बोलायच्या आतच म्हाळूआप्पाची छाती फुगली. "अवं इहीनबाई, आमची धुरपदा फुगडीला हुबी ऱ्हायली की दुसऱ्या दिशी धुराळा खाली बसतो! भवरा बी तिला पान्यात बघंल!"

"आसं म्हनता?" कुशाबाईनं पदर खोचला. "मग बघूच हळदीला."

पावनी गेली. धुरपदानं भांडी आदळत घासायला घेतली. हे लई वाईट लक्षान. मग म्हनली, "अवं अंकीचं आप्पा, फुगडी कोन खेळनार?"

"तू."

"ह्या गुडघ्यानं?"

"व्हतील की गं बरं."

"व्हतील न्हाई, तुमी करायचं. आन् न्हाई झालं तर तुमी माझं हिरवं लुगडं नेसायचं, नाकात नथ घालायची, आन् इहीनबाईसंगं तुमी फुगडी खेळायची. भर मांडवात. घ्या बंबाची शप्पत."

देवाची म्हनली आसती तर त्येनं काय तरी पळवाट काढली आसती. पन बंबाची! म्हाळूआप्पानं बंबावर हात ठिवला. बंब नेमका तापल्याला हुता. बोटं भाजली, पन शप्पत झाली.

दौंडच्या डाक्टरानं गुडघं दाबून बघितलं, गोळ्या दिल्या आन् सांगितलं, "आजी, रोज कोमट पाण्यात चालायचं. छातीएवढं पाणी पाहिजे. पाण्यात अंगाचं वजन हलकं होतं, गुडघे मोकळे होतात. गार पाण्यात मात्र उतरू नका, आखडतील."

म्हाळूआप्पा दवाखान्यातच हुबा ऱ्हायला. छातीएवढं पानी दारात हाय, आन् पानी तापवनं म्हंजी तर त्येचा जल्माचा धंदा. "चल गं धुरपदे," म्हनला, "तुझी फुगडी झालीच म्हून समज."

पयल्या दिशी त्येनं बंब पेटवला. घागर भरायची, टँकात वतायची, परत भरायची. अंकिता घागरी घिऊन पळतीया, ह्यो बंबात लाकडं घालतोय, धूर निस्ता हायवेपतूर. दुपार टळली. म्हाळूआप्पानं ल्हान लेकराच्या आंघोळीचं पानी बघत्यात तसं कोपार बुडवून बघितलं. टँक जसाचा तसा गार! समद्या घागरी गिळून वर बघतोय, आजून हाय का म्हून. अंकिता म्हनली, "आप्पा, ह्या नादात माझं लगीन व्हऊन दोन पोरं व्हतील, पन टँक कोमट व्हायाचा न्हाई."

मग त्येनं बाजारातनं पानी तापवायच्या सळया आनल्या, बादलीत सोडत्यात त्या. चारी बाजूला काठीला बांधल्या, वायर वढली, आन् धुरपदाला म्हनला, "हो तयार." नशीब, तेवढ्यात दत्ता सुट्टीला आला. त्येनं फाटकातनंच बघितलं आन् बोंबलत पळत आला, "आप्पा! बंद करा! आईला करंट द्यायचाय का काय! आमच्या कंपनीत आसं केलं तर सेफ्टीवाला हाकलून देतो!"

"आरं पन ती आजून आत कुठं उतरलीया?"

"उतरायचंच नगं! पान्यात वायर सोडून मानूस उतरवत्यात व्हय?"

धुरपदानं काठावरनं पाय माघारी घेतला. "व्हय का," म्हनली, "फुगडीपास्नं सुटका पायजे म्हून बायकूच…"

"आसं न्हवं गं!" म्हाळूआप्पा रडायच्या बेताला. तेवढ्यात सळयांनी वस्तीवरची लाईट घालवली, आन् समद्या वस्तीनं ह्येच्या नावानं शिमगा केला.

दत्ता म्हनला, "थांबा आप्पा, त्येचं मशीन आसतंय. हीट पंप." आन् पुढल्या सुट्टीला टेम्पोतनं आनलंच, वापरून बघायला. फ्रीजएवढा डबा, त्येला पंखा, आन् बसवायला एक बिहारी पोरगा. त्यो म्हनला, "चाचा, ये मशीन हवा से गरमी खींचता है, और पानी में डालता है. फ्रिज का उल्टा समझो."

"हवेतनं? आपल्याच दारातल्या हवेतनं?"

"हां चाचा."

मशीन सुरू झालं. म्हाळूआप्पा पंख्याम्होरं जाऊन बसला, आन् मशीनीनं त्येच्या अंगावर आसा गार झोत सोडला की भीमंतलं दिस आठावलं. दात वाजाया लागलं. "दत्त्या! आरं हे माझ्या अंगातली ऊब काढून पान्यात घालतंय! ह्ये तर उघड उघड चोर हाय!" त्यो कुनाचंच ऐकंना, घोंगडी पांघरून पार उकिरड्यापल्याड जाऊन बसला. धुरपदा शानी, तिनं त्या गार झोतात मेथीच्या जुड्या आन् दुधाचं पातेलं ठिवलं.

मशीन खोटं न्हवतं बरं का. पानी हळूहळू नरमलं. पन आपल्याकडं लाईटीचं ठावंच हाय. आली तर आली, गेली तर मशीन गप, आन् रात सरंपतूर पानी परत गारढोन. शिवाय दत्ता म्हनला लाईटबिल बघून वडलांनाच कामाला लावावं लागंल.

मग म्हाळूआप्पाला ठिबकच्या जुन्या नळ्या दिसल्या. काळ्या, उन्हात पडलेल्या. एकीत थोडं पानी ऱ्हायल्यालं, त्येनं पायावर वतून घेतलं आन् "आयाया" करून नाचला. कढत! त्येनं काय केलं, बिनभोकाची काळी नळी आनून गोठ्याच्या पत्र्यावर जिलेबीवानी गोल गोल गुंडाळली. टँकातलं पानी मोटरीनं वर, उन्हात फिरून माघारी टँकात. दुपारी पानी बरं लागायचं. ऊन फुकटचं, लाईट वाईच मोटरीपुरती. पन हितं बी तेच, सकाळी बघावं तर गार. उन्हानं दिल्यालं थंडी माघारी नेती.

हळद जवळ आली. धुरपदा खुर्चीतनं हिरव्या लुगड्याकडं बघायची, मग म्हाळूआप्पाच्या मिशीकडं बघायची. "नथीला मिशी आडवी येनार," म्हनायची. "उतरवावी लागंल."

मिशीवर आलं म्हनल्यावर त्यो पळत बांधापल्याड रोहिदासकडं गेला. रोहिदासचं गुऱ्हाळ हाय. केवढी थोरली काहील, खाली चुलवान धडधडतंय, उसाची चिपाडं जळत्यात. काहीलभर रस घटकंत उकळतो, तिथं पान्याची काय कथा! म्हाळूआप्पा म्हनला, "रोहिदासा, गूळ वतला की माझं पानी तापव. आन् पायपानं सोड खाली."

"काहील धुवाया लागंल आप्पा. कडंला गूळ चिकाटल्याला हाय."

"गूळच हाय न्हवं? घान तर न्हाई? वत पानी!"

रोहिदासनं दोनदा सांगितलं, ह्येनं दोनदा मिशीवर हात फिरवला. झालं. काहीली मागनं काहीली उकळतं पानी पायपानं आलं. पाईप निस्ता शेवयावानी लोंबायला लागला. पन टँक तापला! कोपार बुडवलं, आन् म्हाळूआप्पाच्या डोळ्यात पानी आलं. बोटं चाटून बघितली, तर गोड! पार सरबत झाल्यालं.

"आसू दे," म्हनला, "गुडघ्याला काय जीभ हाय?"

पन माश्यांना हाय. घडीभरात समद्या शिवारातल्या माश्या आल्या. मुंग्यांची रांग गोठ्यापास्नं टँकापतूर लागली, वरातीवानी. हौसेची चार मेंढरं ऱ्हायली हुती, ती काठावर गुडघं टेकून मुंडी घालून प्यायला लागली, उठंनातच. धुरपदा लुगडं खोचून आली, बघितलं आन् म्हनली, "ह्यात उतरले तर मला बाहीर काढून पाकातली पुरी म्हून ताटात वाढतील."

आन् नेमका तवाच फाटकापशी हॉर्न वाजला. गाडीचा न्हवं, कुशाबाईचा. "आहो इहीनबाई! साड्या दावायला आलोय!"

म्हाळूआप्पा हबाकला. इहिनीनं हे बघितलं तर समद्या कोरेगावात व्हईल, की मुलीच्या बापानं बायकूचं गुडघं गुळात शिजवायला काढलं. त्येनं धावत जाऊन शेततळ्याचा उरल्याला प्लास्टिकचा जाड कागद वढला, टँकावर पसरला. त्येच्यावर घरातल्या समद्या घोंगड्या. त्येच्यावर उसाचं पाचट. मेंढरं हाकलली आन् म्होरं जाऊन हुबा.

कुशाबाईनं इकडं तिकडं बघितलं. "हितं निळा हौद हुता न्हवं?"

"बुजवला."

"एवढ्यात?"

"आमचं काम तसंच आसतंय."

"बरं झालं, जागा झाली," म्हनून ती बया पाचटावर बसायलाच निघाली! म्हाळूआप्पा आडवा झाला. "तिथं नगा बसू! तिथं… तिथं देव बसवल्यात!"

"कंचं देव?"

"आमचं. मेंढरांचं. घोंगडीखाली आसत्यात. लगीन पार पडंस्तवर झाकून ठिवायचं."

कुशाबाई तोंडाची फाटकी आसली तरी देवाधर्माची. तिनं वहाना काढल्या, पाचटावर हळदकुंकू वाहिलं, वाकून पाया पडली, आन् सोपानरावालाबी पाडलं. सोपानराव वाकला आन् तसाच ऱ्हायला. नाक वर करून म्हनला, "देव गोड वास मारत्यात हो." अख्ख्या गोष्टीत त्यो मानूस तेवढंच बोलला.

पावनी गेली तवा दिवेलागन झाली हुती. म्हाळूआप्पा आसा दमल्याला की झाकन तसंच ऱ्हायलं. सकाळी, चांगली थंडी पडल्याली, त्येनं घोंगडीचं टोक उचाललं आन् तोंडावर वाफ आली! कोपार बुडवलं. ऊन! रातभर आभाळाखाली पडल्यालं पानी, आन् ऊन!

त्यो तिथंच पाचटात बसला. "धुरपदे," म्हनला, "बंब, सळया, मशीन, ऊन, चुलवान, समदी तापवायलाच लावली गं. पांघरून घालायचं कुनाच्या डोक्यात आलं न्हाई. आपुन सोता उघडं झोपतो का थंडीचं?"

"मी कवाधरनं म्हनतीया, घोंगड्या धुळीत पडल्यात, वापरा," धुरपदा म्हनली. ती आसं काय म्हनली नव्हती. पन आता कोन वाद घालतंय.

गोड पानी उसाला सोडून दिलं, टँक घासला, नवं पानी भरलं. मग दिवसा पत्र्यावरनं उन्हात फिरवायचं आन् ऊन उतरायला लागलं की कागद, घोंगड्या, पाचट. आभाळ आलं तर दत्ताचं मशीन, तेवढ्यापुरतं, आन् म्हाळूआप्पा उकिरड्यापल्याड. रोज धुरपदा दुपारची पान्यात उतरायची, लुगडं फुगून कमळावानी व्हायाचं, आन् ती हिकडनं तिकडं चालायची. म्हाळूआप्पा काठावर खुर्ची टाकून, पाय वर घिऊन, "उजवा उचल, डावा उचल" म्हनायचा. सोता एक थेंब लावून घ्यायचा न्हाई.

"आता कसं हायत गं?" रोज इचारायचा.

"हायत तसंच," रोज सांगायची.

हळदीचा दिस उजाडला. मांडव भरला. कोरेगावची मानसं आली, कुशाबाई पदर खोचूनच गाडीतनं उतरली. आन् आत धुरपदा बाजंवर आडवी! "अयाया," म्हनती, "न्हाई हो जमायचं. आज तर पार धरल्यात. नेसा लुगडं."

म्हाळूआप्पानं खुंटीवरचं लुगडं काढलं. मग म्हनला, "शप्पत ती शप्पत." मानूस बोलबच्चन हाय, पन बोललेलं गिळनारा न्हवं. अंकितानं हासत हासत दार लावून घेतलं, आन् कासोटा घातला मीच, शेजारधर्म म्हून. हिरवं लुगडं, डोईवर पदर, हातात चुडा. नथ मातुर मिशीत आडाकली, तर मिशी तशीच ठिवून नथ मिशीलाच लावली.

दार उघडलं. ह्यो पदर सावरत, मान खाली घालून, देवाचं नाव घेत मांडवात आला. आन् बघतो तर काय! मांडवाच्या मधोमध धुरपदा आन् कुशाबाई हातात हात घालून गरागरा फिरत्यात! चुडं वाजत्यात, बाया वरडत्यात, खरंच धुराळा उठलाय! धुरपदा फिरता फिरता वरडली, "गुडघं कवाच बरं झाल्यात अंकीचं आप्पा! म्हनलं बघावं तरी नेसता का!"

कुशाबाईनं मान वळवून बघितलं. मिशी. मिशीत नथ. हिरवा पदर. तिला आसं हासू फुटलं की पाय अडाकलं, हात सुटला, आन् ती फतकल मारून खाली. "आयायायाया, माझा गुडघा!"

इहीन हारली! पन धुरपदा काय तिला चिडवायला गेली न्हाई. तिनं कुशाबाईला बखोटीला धरून उठवलं, घोंगड्या बाजूला केल्या आन् दोघी हळदीच्या अंगानं टँकात उतरल्या. कुशाबाईला पानी लागलं आन् तिनं डोळं मिटलं. "अगं बाई, ह्ये तर ऊन हाय! आन् हितं देव हुतं न्हवं?"

"हायत की," धुरपदा म्हनली. "त्यो बघा काठावर हुबा हाय, मिशीत नथ घालून."

पानी पिवळं झालं हळदीनं. दोघी पान्यात परत फुगडी धरत्यात, पान्यात गुडघं दुखत न्हाईत म्हून. आन् मग दोघींनी मिळून त्येचा पदर धरला आन् वढला. म्हाळूआप्पा "गार पानी, गार पानी" वरडत लुगड्यासकट आत! मग वरडायचा थांबला. मान तेवढी बाहीर काढून म्हनला, "अगं… ह्यो तर केवढा थोरला बंब झालाय." संध्याकाळ झाली तरी बाहीर येईना. दत्तानं वर कागद पांघरायची भीती घातली तवा निघाला.

तर आता मुद्द्याचं लिही रं, ह्येच्यासाठीच बसवलाय तुला. टँक घासताना तळाला कुशाबाईचं एक जोडवं गावलंय. चांदीचं, मासोळीचं. धुरपदानं त्ये माझ्याकडं दिलंय. तर ज्येच्या हाती हा कागद जाईल, त्येनं कोरेगावला जाता-येता कुशाबाईच्या कानावर घाला, की जोडवं हाय, नेयाला सोता या, दुपारची या, पानी तवा चांगलं आसतंय. आन् सोपानरावाला म्हनावं, एक लुगडं जास्तीचं आना, आता पाळी तुमची.